सर, तेवढं एक बघा ना!

जूनच्या पंधरा-सोळा तारखेला रत्नागिरीतल्या शाळा उघडतात. त्याच सुमाराला पावसाचाही जम बसतो. पहिल्या पंधरवड्यात मुलं आपल्या छत्र्या हरवतात आणि शिक्षक आपल्या संध्याकाळी. छत्र्या निदान कधीतरी बाकाखाली सापडतात. संध्याकाळी मात्र स्टाफरूममध्ये, कामकाज वाटपाच्या सभेत हरवतात आणि थेट पुढच्या मे महिन्यापर्यंत हाती लागत नाहीत. मुख्याध्यापक गेल्या वर्षीचा तक्ता काढतात, चष्मा पुसतात आणि धीर देण्याच्या सुरात म्हणतात, "फार काही बदल नाहीत हो. दोन-तीन नव्या समित्या आल्यात, तेवढ्याच."

या सभेचे काही अलिखित नियम आहेत आणि ते मंडणगडापासून राजापूरपर्यंत सारखेच आहेत. ज्याचा गळा बरा, त्याच्याकडे परिपाठ, सांस्कृतिक मंडळ आणि स्नेहसंमेलन. ज्याच्या अक्षराचं कोणे एके काळी कौतुक झालं, त्याच्याकडे फलकलेखन, हस्तलिखित आणि निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाचं मानपत्र. ज्याच्याकडे दुचाकी, त्याच्याकडे पंचायत समितीत हेलपाटे घालण्याजोगी सगळी कामं. ज्याला संगणकाची भीती वाटत नाही, त्याच्याकडे 'ऑनलाइन'. या एका शब्दात उरलेली सृष्टी मावते. आणि जो सभेला गैरहजर, त्याच्याकडे हरित सेना.

आदेश कोणी देत नाही. मुख्याध्यापक मान किंचित तिरकी करून एवढंच म्हणतात, "सर, तेवढं एक बघा ना!" या वाक्याला नकार कसा द्यायचा, हे कोणत्याही डी.एड., बी.एड.च्या अभ्यासक्रमात नाही.

नवा माणूस तर हमखास सापडतो. महाराष्ट्रात २००० सालापासून नवा शिक्षक आधी तीन वर्षं 'शिक्षण सेवक' असतो. त्याला पगार नसतो, मानधन असतं. २०२३ पासून ते प्राथमिकला महिना १६,००० रुपये, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० झालं. त्याआधी ते ६,०००, ८,००० आणि ९,००० होतं. म्हणजे स्टाफरूममध्ये ज्याचं उत्पन्न सगळ्यात कमी, त्याच्या नावापुढे सगळ्यात जास्त मंडळं. तीन वर्षांनी तो कायम होतो, पगार वाढतो, आणि तोवर सगळ्यांना सवय झालेली असल्याने मंडळंही त्याच्याकडेच कायम होतात.

वाडीवरच्या शाळेत तर वेगळीच मौज. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या ६० पटापर्यंत दोन शिक्षक. कोकणातल्या कितीतरी वाड्यांवर ६० काय, त्याच्या पावपट मुलं मिळवताना दमछाक होते, म्हणून शाळा द्विशिक्षकी. पण समित्या पट बघून येत नाहीत. शाळा व्यवस्थापन समिती हवीच, ती कायद्याच्या कलम २१ मध्येच आहे. २०२२ पासून सखी सावित्री समिती आली. तंबाखूमुक्त शाळा हवी, परसबाग हवी, विज्ञान मंडळ हवं, वाचनाचा उत्सव हवा. मग गुरुजी आणि बाई समोरासमोर बसतात आणि वाटणी करतात. गुरुजी विज्ञान मंडळाचे प्रमुख, बाई सदस्य. बाई सांस्कृतिक मंडळाच्या प्रमुख, गुरुजी सदस्य. सभेला गणसंख्या नेहमी पूर्ण आणि सगळे ठराव एकमताने. एखादे दिवशी विज्ञान मंडळाने परसबाग समितीला पत्र पाठवायचं ठरवलंच, तर ते जावक रजिस्टरला लिहून टेबलाच्या त्याच बाजूला आवक करून घ्यावं लागतं, कारण तिथेही गुरुजीच. परसबागेचे प्रमुख म्हणून ते विज्ञान मंडळाच्या प्रमुखाला, म्हणजे स्वतःला, सविनय उत्तर देतात.

हरित सेनेचं सविस्तर सांगायला हवं. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २००१-०२ मध्ये राष्ट्रीय हरित सेना उभी केली. शाळाशाळांत पर्यावरण मंडळं, मुलांच्या हातून झाडं, पाणी, कचरा यांचं भान, असा चांगला हेतू. सेनेचा वार्षिक खर्च एका शाळेमागे २,५०० रुपये, पुढे ५,०००. एवढ्या पैशांत इतकी मोठी सेना पोसणारा देश जगात दुसरा नसेल. रत्नागिरीत या सेनेपुढे दोन अडचणी असतात. पहिली जमिनीची. कितीतरी शाळा सड्यावर, म्हणजे खाली अखंड जांभा. वृक्षारोपणासाठी खड्डा खणायचा तर पहार लागते, पहारीला माणूस लागतो आणि माणसाला मजुरी लागते. ती मजुरी कोणत्या शीर्षाखाली टाकायची, हे परिपत्रकात नसतं. सर स्वतःच धोतराचा काचा मारण्याच्या आवेशात पँट दुमडतात, दहा घाव घालतात, चार बोटं खड्डा होतो. त्यात रोप उभं करून मुलांना भोवती उभं केलं की फोटो मात्र उत्तम येतो.

दुसरी अडचण वानरांची. कोकणातल्या बागायतदाराला विचारा, तो हात जोडून सांगेल की लावणारा माणूस एक आणि खाणारे चाळीस. परसबागेत भेंडी धरली, की अधिकारी पाहणीला येण्याच्या आदल्या दिवशी वानरांची टोळी येऊन पाहणी उरकून जाते. अहवालात 'उत्पादन' असा रकाना असतो. 'लाभार्थी' असाही असतो. एका गुरुजींनी म्हणे त्यात खरं ते लिहिलं होतं. केंद्रप्रमुखांनी तो अहवाल परत पाठवला आणि 'विद्यार्थी' असा शब्द घालायला सांगितला. गोष्ट ऐकीव आहे, पण जिल्ह्यातल्या प्रत्येक केंद्रात ती आपल्याच केंद्रात घडली असं सांगतात.

स्काऊट-गाइडची तऱ्हा निराळी. बेडन-पॉवेल साहेबाने १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर भरवलं तेव्हा त्याच्याकडे वीस-बावीस मुलं होती आणि तो सैन्यातला बडा अधिकारी होता. रत्नागिरीच्या स्काऊट मास्तरकडे बत्तीस मुलं असतात आणि मधल्या सुट्टीनंतर आठवी 'ब'चा भूमितीचा तास असतो. भारत स्काऊट्स अँड गाइड्स ही संस्था ७ नोव्हेंबर १९५० ला स्थापन झाली. तिच्या उपक्रमांतला महाराष्ट्राच्या शाळांमध्ये सगळ्यात लोकप्रिय उपक्रम म्हणजे 'खरी कमाई'. मुलांनी स्वतः काही बनवायचं, विकायचं आणि स्वकष्टाचा पैसा म्हणजे काय ते अनुभवायचं. मग शाळेच्या आवारात भेळेचे, कोकम सरबताचे, घावन-चटणीचे स्टॉल लागतात. मुलांची कमाई होते. शाळेच्या निधीत भर पडते. बाजारातल्या फरसाणवाल्याचीही कमाई होते. जो माणूस हे सगळं आठवडाभर उभं करतो, चटणीत मीठ आहे का ते बघतो, सुट्ट्या पैशांची पिशवी सांभाळतो, तोच तेवढा या व्यवहारात कमावत नाही. उलट चार वाजता न खपलेली भेळ कोणाच्या तरी गळ्यात मारायची वेळ येते तेव्हा पहिला गळा त्याचाच. "सर, तुम्ही अजून काही घेतलंच नाहीत!" असं सहावीतली मुलगी डोळे मोठे करून म्हणाली, की सर तिसरी डिश घेतात.

सगळेच कोरडे राहतात असं मात्र नाही. एनसीसीच्या सरांचं जरा बरं आहे. १९४८ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या या संघटनेत शिक्षकाला रीतसर अधिकारीपद मिळतं. शाळेत सुरुवात थर्ड ऑफिसरपासून, महाविद्यालयात लेफ्टनंटपासून. त्यासाठी पुरुषांनी नागपूरजवळच्या कामठीला आणि महिलांनी ग्वाल्हेरला जाऊन प्रशिक्षण घ्यायचं. समुद्राच्या वाऱ्यावर वाढलेला, भूगोलात 'विषम हवामान' वर्षानुवर्षं शिकवणारा माणूस कामठीच्या मैदानावर ते प्रत्यक्ष अनुभवतो. परत येतो तेव्हा पोट आत गेलेलं असतं, आवाज बाहेर आलेला असतो आणि घरात तो चहासुद्धा 'सावधान'मध्ये मागतो. त्याला गणवेश मिळतो, मानधन मिळतं, शिपाई सलाम करतो. स्टाफरूममध्ये म्हणूनच एनसीसीच्या सरांबद्दल थोडी असूया असते. मानधनाचा आकडा ऐकला की ती ओसरते.

महाविद्यालयात आणि अकरावी-बारावीला राष्ट्रीय सेवा योजना. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला, ३७ विद्यापीठांत ती सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करायचं आणि सात दिवसांच्या निवासी शिबिराला जायचं. या शिबिराचं अर्थशास्त्र बघण्याजोगं आहे. अनेक वर्षं एका स्वयंसेवकामागे शिबिराला अनुदान होतं ४५० रुपये. सातने भागा. दिवसाला चौसष्ट रुपये आणि वर काही पैसे. त्यात दोन चहा, नाश्ता, दोन वेळचं जेवण, प्रवास, फावडी-घमेली, मांडव, पाहुण्यांचा नारळ आणि समारोपाचा फलक. कार्यक्रमाधिकारी म्हणून जे प्राध्यापक असतात, ते वर्गात कदाचित सूक्ष्म अर्थशास्त्र शिकवत असतील. शिबिरात ते जगतात. गावातल्या सरपंचांकडून तांदूळ, माजी विद्यार्थ्याकडून डाळ, मच्छीमार सोसायटीतल्या ओळखीने एक दिवसाचे बांगडे आणि शाकाहारी मुलांसाठी सौभाग्यवतींच्या हातची उसळ, असं जमवत सात दिवस निघतात. योजनेचं ब्रीद 'मी नव्हे, तुम्ही' अशा अर्थाचं आहे. हिशेब तपासणाऱ्यांनी ते मनापासून स्वीकारलेलं दिसतं. पैसे कोणी खर्च केले? मी नव्हे, तुम्ही. पावती कुठे आहे?

पावती हा या सगळ्या जगण्यातला खरा खलनायक. स्नेहसंमेलनाचंच घ्या. जाखडी बसवायची ठरते. कोकणातली मुलं जाखडीला उभी राहिली की पाय आपोआप पडतात, शिकवावं लागत नाही. पण घुंगरू लागतात, फेटे लागतात, ढोलकी लागते. ढोलकी गावच्या नाचमंडळाकडून मिळते. ती शाळेत आणायला रिक्षा लागते. रिक्षावाला पावती देत नाही. फेट्याला पिना लागतात. पिनांच्या पाकिटाची पावती मागितली तर दुकानदार बाईंकडे अशा नजरेने बघतो की बाईच ओशाळतात. राधा झालेल्या मुलीच्या केसांत गजरा हवा, तो वळेसराचा हवा असं तिच्या आईचं म्हणणं. वळेसर विकणाऱ्या म्हाताऱ्या आजीकडे जीएसटी क्रमांक नसतो. दोन-अडीच हजार असे सुटे सुटे गळतात आणि 'सांस्कृतिक विभागाचा खर्च' या नोंदीत त्यांतले तीनशे चाळीस उरतात. बाकीचे बाईंनी घरी सांगितलेलेच नसतात.

कायदा बाईंच्या बाजूने आहे का? थोडासा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर बिगर-शैक्षणिक कामाला जुंपू नये असं म्हटलंय. पण जाखडी, हस्तलिखित, सहल, विज्ञान प्रदर्शन ही बिगर-शैक्षणिक कामं आहेत असं कोण म्हणेल? ती तर शिक्षणाचाच भाग, आणि आहेतही. त्यामुळे ती कलमातून सुटतात आणि बाईंच्या पदरात पडतात. त्याच कायद्याच्या परिशिष्टात आठवड्याला ४५ तास सांगितलेत, त्यात शिकवणं आलं आणि तयारीही आली. जाखडीची तालीम शिकवण्यात धरायची की तयारीत, यावर शासनाने अजून समिती नेमलेली नाही. नेमली तर तिचं कामही कोणातरी सरांकडे येईल. वरकमाईचा एक मार्ग असतो, खासगी शिकवणी, तोही कलम २८ ने बंद केला. मग राहिलं काय? धंदा म्हणून बघायचं तर हे दुकान सर्व बाजूंनी बंद आहे, फक्त मागच्या दाराने माल आत घेणं चालू आहे.

मुलांना मात्र मोबदला आहे आणि तो चोख आहे. दहावीला शासकीय रेखाकला परीक्षा, लोककला, शास्त्रीय कला, क्रीडास्पर्धा, एनसीसी, स्काऊट-गाइड यांचे सवलतीचे गुण मिळतात. 'इन्स्पायर अवॉर्ड'मध्ये कल्पना निवडली गेली तर मुलाच्या बँक खात्यात थेट १०,००० रुपये. ही कल्पना सुचावी म्हणून सर महिनाभर मागे लागलेले असतात. ती संकेतस्थळावर सरच भरतात. खातं उघडून द्यायला सरच बँकेत जातात, कारण आधारवर 'कुमार प्रथमेश' आणि दाखल्यावर नुसता 'प्रथमेश'. पैसे जमा झाल्याचा संदेश बाबांच्या मोबाइलवर येतो. बाबा सरांना फोन करून आनंदाने सांगतात आणि विचारतात, "आता ते यंत्र बनवून कोण देणार?"

सवलतीच्या गुणांचे प्रस्ताव विभागीय मंडळाकडे पाठवायचे, तेही सरांनीच. रत्नागिरीत कोकण विभागीय मंडळ २०१२ पासून आहे आणि तेव्हापासून दहावी-बारावीच्या निकालात राज्यात पहिलं कोण, हा प्रश्न निकाली निघाला आहे. २०२४ ला दहावीचा कोकणचा निकाल ९९.०१ टक्के होता, २०२५ ला ९८.८२. एवढ्या टक्केवारीच्या प्रदेशात एका मुलाचा एक गुण हुकला तरी पालक जावक क्रमांक विचारायला येतात. स्काऊट मास्तराला राष्ट्रपती पुरस्काराचा मुलगा घडवल्याचा जेवढा आनंद होतो, त्याहून जास्त आनंद त्याचा प्रस्ताव त्रुटी न लागता स्वीकारला गेल्याचा होतो.

आता कोणी म्हणेल की हा फुकट राबण्याचा वसा जिल्ह्याच्या मातीतच आहे. तर आहे. गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचे गोपाळ कृष्ण गोखले डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले तेव्हा अट होती वीस वर्षं, पगार महिना ७५ रुपये. शेरवलीत जन्मलेले, मुरूडचे धोंडो केशव कर्वे फर्ग्युसनला गणित शिकवायला गेले तेही याच संस्थेत. गोखल्यांनी शिकवता शिकवता सार्वजनिक सभेचं त्रैमासिक संपादित केलं, कॉलेजच्या इमारतीसाठी दारोदार फिरून वर्गणी गोळा केली. आजच्या भाषेत ते 'इमारत निधी प्रभारी' होते. फरक एवढाच की त्यांनी अंकगणिताचं एक पाठ्यपुस्तक लिहिलं आणि ते चांगलं खपलं. शिक्षकाला वर्गाबाहेरच्या कामाचे पैसे मिळाल्याचं हे जिल्ह्याच्या इतिहासातलं दुर्मीळ उदाहरण.

आणि पालगडचे साने गुरुजी. १९२४ ते १९३० ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, छात्रालय सांभाळत होते. मुलांसाठी त्यांनी हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढलं. दैनिक! आपल्याकडे वर्षातून एक हस्तलिखित काढायचं तर प्रभारी बाई दिवाळीपासून रक्तदाबाची गोळी सुरू करतात आणि हा माणूस रोज काढत होता, वर मुलांच्या खोल्या झाडत होता, १९२८ ला 'विद्यार्थी' नावाचं मासिकही सुरू केलं. साने गुरुजींबद्दल आदर बाळगूनही एक गोष्ट म्हणायला हवी: त्यांनी नंतरच्या सगळ्या शिक्षकांची फार पंचाईत करून ठेवली. कुठल्याही सत्काराच्या भाषणात पाहुणे एकदा 'साने गुरुजींचा वारसा' म्हणाले, की मोबदल्याचा विषय पुढची तीस वर्षं काढता येत नाही. ते एकटे होते, त्यांना घरभाडं, मुलीची फी आणि होम लोनचा हप्ता नव्हता, हे पाहुण्यांच्या लक्षात येत नाही.

अलीकडचं उदाहरण तर खुद्द कातळावर कोरलेलं आहे. सड्यावरची कातळशिल्पं शोधायला सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि गोगटे-जोगळेकर महाविद्यालयात भूगोल शिकवणारे डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई वर्षानुवर्षं उन्हातान्हात भटकले. गुराख्यांना विचार, गावकऱ्यांना पटव, माती झाड, मोजमाप घे, असं चाललं. २०२२ ला युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत कोकणातली कातळशिल्पं गेली. नऊ ठिकाणं, त्यांतली सात रत्नागिरी जिल्ह्यात: उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे. आता शाळांची इतिहास मंडळं तिथे सहली नेतात. एसटी शालेय सहलीला निम्म्या भाड्यात गाडी देते. ज्या सरांनी गाडी ठरवली, संमतिपत्रं गोळा केली, डोकी मोजली, पुन्हा मोजली आणि परतीच्या वळणावर तिघांच्या तोंडाशी पिशवी धरली, ते घरी येऊन सहलीचा अहवाल लिहितात: 'विद्यार्थ्यांनी आनंद लुटला.'

बाहेर जगात काय चालतं, ते बघायला हवं, कारण आपल्याकडे 'परदेशात बघा' म्हटल्याशिवाय कोणी ऐकत नाही. अमेरिकेत शाळा-जिल्हा आणि शिक्षक संघटना यांच्या करारातच बहुधा एक तक्ता असतो. फुटबॉलच्या प्रशिक्षकाला इतके, वादविवाद मंडळाच्या सल्लागाराला इतके, वार्षिकांकाच्या संपादक शिक्षिकेला इतके. बुद्धिबळवाल्याला फुटबॉलवाल्याहून फारच कमी, त्यावरून भांडणंही होतात. पण भांडायला आकडा तरी असतो. आपल्याकडे हरित सेना आणि विज्ञान मंडळ यांच्यात भांडण लागलं तर शून्य मोठं की शून्य, एवढाच वाद.

जपानचं प्रकरण आपल्याला जास्त जवळचं वाटेल. तिथे शाळा सुटल्यावर मुलांची मंडळं चालतात, 'बुकात्सु', आणि बेसबॉलपासून वाद्यवृंदापर्यंत त्यांची जबाबदारी शिक्षकांवर. १९७१ च्या कायद्याने सरकारी शाळांतल्या शिक्षकांना जादा कामाचा भत्ता देण्याऐवजी मूळ पगारावर सरसकट चार टक्के ठरवले. ते ठरले १९६६ च्या पाहणीवरून, जेव्हा जादा काम महिन्याला आठ तासांच्या आसपास होतं. काम वाढत गेलं, चार टक्के तिथेच राहिले. 'ठरावीक दरात हवं तेवढं राबवा' अशी या कायद्याची टिंगल खुद्द जपानी लोकच करतात. ओईसीडीच्या २०१८ च्या पाहणीत तिथला माध्यमिक शिक्षक आठवड्याला ५६ तास काम करताना आढळला, त्यांतले साडेसात तास नुसते या मंडळांचे. इतर देशांची सरासरी होती ३८.३ तास, आणि मंडळांसाठी १.९. शेवटी २०२५ मध्ये जपानी संसदेने कायदा दुरुस्त केला. चाराचे दहा टक्के होणार, दर वर्षी एक टक्का याप्रमाणे. घाई नाही म्हणजे किती, तर ५४ वर्षांनी. आपल्याकडची फाइल त्या मानाने तरुण आहे.

आपल्याकडे मोबदला अगदीच नाही असं म्हणणं मात्र कृतघ्नपणाचं होईल. शाल आहे, श्रीफळ आहे. रत्नागिरीच्या हवेत शाल कपाटातून बाहेर काढायची वेळ येत नाही. कपाटात अशा शालींची चळत लागते आणि एखाद्या नातेवाइकाच्या निवृत्तीला त्यांतली वरची पुढे सरकते. राहता राहिला नारळ. ज्याच्या परसात माडाची वीस झाडं, उतरवणाऱ्या माणसाचा पत्ता नाही आणि पडवीत दोनशे नारळ सोलायचे राहिलेत, त्याला व्यासपीठावर बोलावून टाळ्यांच्या गजरात आणखी एक नारळ देतात. तो दोन्ही हातांनी घेतो. हल्ली पुष्पगुच्छाऐवजी रोप द्यायची पद्धत आली. हरित सेनेच्या सरांना गेल्या पाच वर्षांत जेवढी रोपं मिळाली, तेवढीच शाळेच्या आवारात लागली आहेत. हा योगायोग नाही.

प्रमाणपत्रंही असतात. पूर्वी ती जाड कागदावर यायची, त्यांना चौकट करता यायची. आता दुवा येतो, नाव भरलं की पडद्यावर उमटतं, इंग्रजी स्पेलिंगसकट चुकलेलं. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार मिळाला तर पन्नास हजार रुपये आणि रौप्यपदक आहे. पण त्यासाठी आधी केलेल्या प्रत्येक कामाचे पुरावे जोडावे लागतात, आणि ज्याने खरंच काम केलं त्याच्याकडे फोटो नसतात, कारण फोटो काढायला तो नेमका चौकटीच्या अलीकडे उभा असतो.

आता दुसरी बाजू. सगळेच प्रभारी संत नसतात. काही मंडळं ३० जूनला स्थापन होतात, उद्घाटनाचा फोटो निघतो आणि मार्चमध्ये अहवालातच पुन्हा दिसतात. काही सरांना सांस्कृतिक प्रमुखपद हवंच असतं, कारण तालमीच्या नावाखाली डिसेंबरभर सातवीचे तास बुडवता येतात आणि निवेदन करायला माइक मिळतो. माइकची गोडी मानधनाहून मोठी असते, हे कोणत्याही नाट्यवेड्या रत्नागिरीकराला सांगायला नको. कोणी विज्ञान मंडळ मागून घेतं, कारण प्रयोगशाळेची किल्ली मिळते आणि तिथे दुपारचा अर्धा तास शांत जातो. हे सगळं जमेला धरूनही हिशेब बसत नाही. तीस मिनिटांच्या वामकुक्षीच्या बदल्यात तीन तालुकास्तरीय प्रदर्शनं, हा सौदा कोणी शहाणा माणूस करणार नाही.

पैसे द्यावेत का? सरकारने द्यायचं मनावर घेतलंच तर पुढचं सांगता येतं. आधी संकेतस्थळ येईल. मग प्रत्येक सभेचा ठिकाणाच्या नोंदीसकट फोटो. मग तीन प्रतींत उपयोगिता प्रमाणपत्र. मग महिन्याला अडीचशे रुपये, तेही जुलैपासून, थकबाकी पुढच्या आर्थिक वर्षात. आणि या सगळ्यासाठी प्रत्येक शाळेत एक 'मानधन प्रभारी' नेमावा लागेल. तो कोण, हे सभेला गैरहजर असलेल्याला कळेलच.

त्याहून स्वस्त आणि सोपा उपाय वेळापत्रकात आहे. ज्याच्याकडे मंडळ, त्याला आठवड्याला दोन तास कमी. सुट्टीत शिबिर केलं तर त्या दिवसांची रजा त्याच्या खात्यावर न मागता जमा. खर्चासाठी हजारभर रुपये आधी हातात, आणि पिनांची पावती कोणी मागायची नाही. तास कमी द्यायचे तर माणसं वाढवावी लागतात, रिक्त जागा भराव्या लागतात. सगळं तिथेच येऊन अडतं, कारण शाल स्वस्त पडते.

तोवर पालकांकडून एवढंच हवं आहे. तुमच्या मुलाच्या शाळेत विज्ञान मंडळ असेल, तर ते शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर भरत असेल. तुमच्यापैकी कोणाला सोल्डरिंग येत असेल, ढोलकी येत असेल, किंवा नुसती पहार तरी धरता येत असेल, तर जाऊन सरांना भेटा. आणि रिक्षाने गेलात, तर भाडं तुम्हीच द्या.